मनगटाला न बांधलेली दोरी

लाकडी खोकी उघडली तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ ब्रेक शोधत होतो. चार खोकी, प्रत्येकात एक मोटरसायकल, आणि एकीलाही ना पुढचा ब्रेक ना मागचा. चाचा आमच्या वर्कशॉपचे स्टोअरकीपर, खेडचे. त्यांनी थर्माकोलमध्ये कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला, फळ्या उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "पाठवणारा विसरला बघ. मालकाला सांग, लगेच ईमेल कर म्हणावं."

मालक दारातच उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण आम्ही काय शोधतोय ते कळलं आणि तो पोट धरून हसला. आमची त्याच्याशी बोलायची भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि तितकीच मोडकी अरबी. इथे मी ती मराठीतच लिहितो.

"ब्रेक नसतोच," तो म्हणाला. "या शर्यतीत ब्रेक चालत नाही."

मग त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत आम्हाला स्पीडवे समजावली. मातीचा लंबगोल ट्रॅक. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या, सगळ्या डावीकडे वळत. एकच गिअर. वळणावर वेग कमी करायचा तर मागचं चाक बाहेर फेकायचं, डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा आणि गाडी तशीच आडवी घसरवत वळवायची. सगळा खेळ एका मिनिटात संपतो. शिकायला इंग्लंडात होता तेव्हा त्याने तो पाहिला होता, आणि कुवेतमध्ये आपला संघ उभा करायचा हे तेव्हाच ठरवलं होतं.

मी संगमेश्वर तालुक्यातला. रत्नागिरीच्या आयटीआयमधून वेल्डर झालो, लग्न झालं, मुलगी झाली आणि कुवेतला आलो. शुवैखच्या गॅरेजांच्या वस्तीत आमचं वर्कशॉप. वाळवंटातल्या तंबूंसाठी ट्रेलर, समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यांची फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असली कामं. वरच्या पोटमाळ्यावर मी आणि चाचा राहायचो. घरून आलेले कुळीथ ते शिजवायचे, मी भाकऱ्या थापायचो. त्या मोटरसायकली आल्या तेव्हा मला इथे पाच वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच मला असं काम मिळालं की सकाळी डोळे उघडले की आधी तेच आठवायचं.

ट्रॅकवर पहिलं वर्ष गेलं. मालकाच्या घराण्याची शहराबाहेर थंडीतल्या तंबूंची जागा होती, तिथे आखला. नुसत्या वाळूत चाक रुतायचं. मग रस्त्याखाली घालतात तो मुरूम आणून दाबला, तर तो इतका टणक झाला की गाडी घसरेचना. स्वार वळणावर सरळ कुंपणात. मी मालकाला म्हटलं, आमच्याकडे जांभ्याची भुकटी असते, ती पावलाखाली थोडी सरकते आणि थोडी धरूनही ठेवते, तसं काहीतरी हवं. त्याने विचारलं, ते इथे कुठे मिळेल? हवल्लीत तेव्हा जुन्या इमारती पाडत होते. तिथून लाल विटांचा राडारोडा ट्रकने आणला, दळून बारीक केला, मुरमात मिसळला, टँकरने पाणी मारलं, रोलर फिरवला. त्या दिवशी पहिली गाडी वळणावरून आडवी घसरत गेली आणि तिच्या मागे लाल मातीचा पंखा उडाला. चाचांनी टाळ्या वाजवल्या. मालक माझ्या गळ्यात पडला.

आमच्यासारखे आणखी तीन संघ होते, सगळे हौशी. थंडीच्या महिन्यांत शुक्रवारी दुपारी शर्यती व्हायच्या. आमचे शर्ट पिवळे, त्यांवर वाळवंटातल्या काटेरी शेपटीच्या घोरपडीचं चित्र. आमच्या चार स्वारांत एकच खरा स्वार होता, मालकाचा धाकटा भाऊ. बाकीचे तिघे गाडी चालवायचे, हा तिच्याशी भांडायचा. सव्वीस वर्षांचा, कुठल्याशा सरकारी खात्यात नोकरीला, पण बुधवारपासूनच वर्कशॉपमध्ये येऊन बसायचा. मी त्याला धाकटाच म्हणेन.

स्पीडवेच्या स्वाराला डाव्या बुटाखाली पोलादी तळवा लागतो, नाहीतर घासून बूट एका दिवसात फाटतो. ते तळवे मी बनवायचो. चारही जणांचे डावे पाय मला पाठ होते. धाकट्याचा पाय लांबट, मधून चांगलाच उचललेला. पहिला तळवा त्याला टोचला. दुसराही टोचला. तिसरा घातल्यावर तो वर्कशॉपभर पाय घासत चालला, ठिणग्या उडवत, आणि म्हणाला, "आता मी झोपतानाही काढणार नाही."

दुसऱ्या वर्षी आम्ही अंतिम फेरीपर्यंत गेलो आणि हरलो. का हरलो ते सांगायला हवं.

या गाड्यांच्या हँडलवर एक छोटी पिन असते. पिनेला दोरी. दोरीचं दुसरं टोक स्वाराच्या उजव्या मनगटाला बांधतात. स्वार पडला की दोरी ओढली जाते, पिन निघते आणि इंजिन बंद पडतं. त्या अंतिम शर्यतीत धाकटा सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत त्याने हात जरा जास्त फिरवला, दोरी बाहीत अडकली, पिन निघाली. गाडी सरळ वाटेवर मेली आणि बाकीचे तिघे त्याला ओलांडून गेले. त्याने हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. त्यानंतर ती दोरी त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. मी ती चार बोटं लांब करून दिली, आतून मऊ कापड लावलं. तो बांधायचा, पण दर वेळी सांगावं लागायचं.

तिसऱ्या वर्षी आम्ही चषक जिंकला. वर्कशॉपच्या काचेच्या कपाटात ग्राइंडरच्या डिस्कशेजारी तो ठेवला होता. त्यानंतरच्या मोसमात, थंडी संपत आलेली असताना, तो शुक्रवार आला.

त्याच्या आदल्या शर्यतीत एक प्रकार घडला होता. सुरुवातीच्या फितीपाशी गाडी ढकलून सुरू करून द्यायचं काम माझं. मला आमच्या एका गाडीची साखळी सैल वाटली आणि मी हात वर करून थांबवलं. तपासली तर साखळी ठीक होती. तेवढ्यात फितीपाशी तयार व्हायला दिलेली दोन मिनिटं संपली आणि आमचा स्वार बाद झाला. मालक सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, "तू मेकॅनिक आहेस, पंच नाहीस. पुन्हा हात वर केलास तर ट्रॅकवर पाय ठेवू देणार नाही." मी मान खाली घातली.

म्हणून त्या शुक्रवारी मी हात वर केला नाही.

चारही गाड्या फितीपाशी होत्या. मी धाकट्याच्या मागे उभा होतो, हात सीटवर. त्याच्या उजव्या बाजूला दोरी नुसती लोंबत होती. मनगटाला नव्हती. मी पुढे वाकून त्याच्या हातमोज्याला बोट लावलं. त्याने हेल्मेटच्या आतून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको. मी मालकाकडे पाहिलं, तो घड्याळाकडे पाहत होता. फीत वर उडाली.

दुसऱ्या फेरीत, पलीकडच्या वळणावर, त्याची गाडी खालून निघाली. तो पडला, आणि इंजिन चालूच. गाडी कुंपणाला अडकली, तिच्याखाली त्याचा डावा पाय, आणि मागचं चाक त्या पायावर फिरतंय. मैदान ओलांडून मी कसा पोचलो ते मला आठवत नाही. मी दोरी धरली आणि ओढली. पिन निघाली. सगळीकडे एकदम शांत झालं, मग तो ओरडायला लागला.

अँब्युलन्सने त्याला जाब्रियाच्या इस्पितळात नेलं. लोक मला सांगत होते, तुझ्या हातातून ते खाली टाक. तेव्हा मला कळलं की दोरी अजून माझ्या मुठीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. खालच्या काउंटरवरूनच मला परत पाठवलं, फक्त घरचे. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपवर पोलीस आले. त्यांनी ती गाडी कोपऱ्यात लावायला सांगितली, तिच्याभोवती पट्टी गुंडाळली, टाकीवर शिक्क्याचा कागद चिकटवला आणि बजावलं, हिला कुणी हात लावायचा नाही. धाकट्याच्या वडिलांनी तक्रार दिली होती. गाडीची दोरी खराब होती, मुलगा पडला तरी पिन निघाली नाही, आणि ती गाडी ज्याने जोडली त्याचं नाव हे. म्हणजे माझं.

मख्फरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात, जबाबाला बोलावलं. चाचा मला पिकअपने सोडायला आले. वाटेत गाडी बाजूला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय सांगणार आहेस?"

"जे पाहिलं ते. दोरी बांधलेली नव्हती."

"आणि तू पाहिलंस, तरी थांबवलं नाहीस, हेही सांगणार?"

मी खिडकीची काच खाली केली.

"बाबा, मी तुला खोटं बोल म्हणत नाही," चाचा म्हणाले. "पण तो मालकाचा, आपल्या कफीलचा, सख्खा भाऊ आहे. तुझा इथे राहायचा परवाना, इकामा, मालकाच्या हातात. तो पोरगा तिथे मोडून पडलाय, त्याची आई रडतेय, आणि तू जाऊन सांगणार की चूक त्याचीच? थोडा थांब. त्याला बरा होऊ दे. तो स्वतःच सांगेल."

आत एक तपास अधिकारी होता आणि हैदराबादी हिंदी बोलणारा दुभाषा. मी गाडी कशी जोडली, पिन केव्हा तपासली, सगळं विचारून झालं. लोकांनी मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती त्यांनी पाहिल्या होत्या. सगळ्या पलीकडून काढलेल्या, धुळीने भरलेल्या. मग दुभाष्याने विचारलं, "सुरुवातीला दोरी त्याच्या हाताला बांधलेली होती की नव्हती?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा मी तेच. ते अरबीत लिहिलं गेलं आणि मी खाली सही केली. बाहेर आलो तेव्हा वाटलं, सुटलो.

घरी बायकोचं ऑपरेशन ठरलं होतं. गर्भाशय काढायचं होतं, डॉक्टरांनी तारीख दिली होती. मी रजा मागितली. देशाबाहेर जायला मालकाची परवानगी लागते, ती त्याने सरकारी ॲपवर समोरच देऊन टाकली. भावाविषयी काही बोलला नाही. अलीकडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मी बॅग भरली. इस्पितळात लागेल म्हणून गरम पाण्याची पिशवी, एक हलकं पांघरूण, पायात घालायच्या मऊ सपाता.

विमानतळावर बॅग दिली, बोर्डिंग पास घेतला आणि इमिग्रेशनच्या खिडकीशी गेलो. तिथल्या माणसाने माझं ओळखपत्र यंत्रात लावलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा लावलं.

"मम्नू," तो म्हणाला.

मला वाटलं, कागद कमी आहे. मी मोबाइल काढून परवानगी दाखवली. त्याने ती पाहिलीही नाही. "सफर बंद. तुझ्यावर केस आहे. मख्फरमध्ये जा." आणि माझ्या मागच्या माणसाला हाताने पुढे बोलावलं.

बॅग विमानात गेलेली होती. ती उतरवायला वेळ लागेल म्हणाले. मला एका दाराने खाली पाठवलं, जिथे बाहेरून आलेल्यांचं सामान येतं तिथे. कोचीचं विमान नुकतंच उतरलं होतं. लोक पट्ट्याभोवती उभे होते, फोनवर घरी सांगत होते, पोचलो म्हणून. त्यांच्यात मीही उभा राहिलो. त्यांच्या सगळ्यांच्या बॅगा गेल्यावर माझी एकटीची आली.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "पुढे ढकलू का?"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ढकलायचं नाही म्हणाले."

"मग ढकलू नको."

"बरं," ती म्हणाली. "जाऊबाई येतील बरोबर. तुम्ही जेवलात का?"

ऑपरेशनच्या दिवशी मी ट्रेलरची चौकट जोडत होतो. दर दहा मिनिटांनी मुखवटा वर करून फोन बघायचो. दुपारी मुलीचा मेसेज आला, आई शुद्धीवर आली. संध्याकाळी बायकोने स्वतः व्हिडिओ कॉल केला. ओठ कोरडे, केस उशीवर पसरलेले. मी तिला सगळं खरं सांगितलं, दोरीपासून सहीपर्यंत. तशा अवस्थेत सांगायला नको होतं, पण सांगितलं.

तिने फोन जवळ घेतला. "म्हणजे तुम्ही बघितलंत."

"हो."

"आणि आठवत नाही म्हणालात."

"हो."

"आता आठवलं म्हणून सांगा की."

"तसं नसतं गं. सही केलीय. आता बदललं तर खोटा जबाब दिला म्हणून वेगळी केस होईल."

"वेगळी झाली तर काय, आताची बरी आहे?" एवढं बोलून ती दमली आणि मुलीने फोन घेतला.

तो फोन झाल्यावर मी सव्वा वर्ष तसाच राहिलो. मला कुणी कोंडलं नव्हतं. सकाळी उठायचो, काम करायचो, शुक्रवारी चाचांबरोबर हवल्लीला जाऊन मासळी आणायचो. रस्ते मोकळे होते, कुठेही जाता यायचं. पण कुठेही गेलो तरी संध्याकाळपर्यंत देशाची हद्द यायची, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे चौकी, आणि मी परत फिरायचो. दर महिन्याला मख्फरमध्ये जायचो. तपास चालू आहे, एवढंच उत्तर. एकदा अधिकारी बदलला, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यानेही तो प्रश्न विचारला. मी पुन्हा म्हणालो, आठवत नाही. पहिल्यांदा ते म्हणताना घाम फुटला होता. आता ते मला पाठ झालं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पट्टी गुंडाळलेली गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात होती. मोठा ट्रेलर बाहेर काढायचा तर तिला वळसा घालून तिरका काढावा लागायचा. पोलीस पुन्हा येऊन तिची तपासणी करणार होते, आले नाहीत. तिच्यावर धूळ साचली. धूळ पुसायलाही मी हात लावायचो नाही. पोटमाळ्याच्या जिन्यावरून उतरताना पहिली तीच दिसायची. चाचांनी तिच्यावर चादर टाकली. मग चादर दिसायची.

संघ मोडला. तो कधी मोडला असा दिवस सांगता येणार नाही. पहिल्या थंडीत मालक म्हणाला, या वर्षी नको. बाकीच्या तिघांपैकी एक दुबईला गेला, एकाने लग्न केलं, एक नुसताच यायचा बंद झाला. उरलेल्या तीन गाड्या मालकाने दुसऱ्या संघाला देऊन टाकल्या. पिवळे शर्ट चाचांनी हात पुसायला घेतले, चांगलं सुती कापड होतं. एकदा पाण्याची टाकी आणायला आम्ही ट्रॅकवर गेलो. वाऱ्याने सगळीकडे वाळू चढवली होती. पलीकडच्या वळणावर तेवढा लाल पट्टा उघडा होता. चाचा टाकी दोरांनी बांधत होते. मी तिकडे गेलो नाही.

मग एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास धाकटा आला. मी त्याला अपघातानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. एका कुबडीवर, जाड झालेला, दाढी वाढलेली. चाचांनी खुर्ची दिली. तो बसला नाही. कोपऱ्यात जाऊन त्याने चादर उचलून पाहिलं आणि परत टाकली.

"मला वाटलं तू तुझ्या मुलखात गेलास," तो म्हणाला.

"मला जाता येत नाही. माझ्यावर सफरबंदी आहे."

त्याला हे माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. भावाने सांगितलं नव्हतं, वडिलांनीही नाही. तो खुर्चीवर बसला.

"तू पाहिलं होतंस ना?" त्याने हळू विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

आजवर मी त्याच्या घरातल्या कुणाशी असं बोललो नव्हतो. चाचा स्टोअरच्या दारात थबकले. धाकटा कुबडीच्या रबराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शुद्धीवर आलो तेव्हा वडील उशाशी होते. त्यांनी पहिलं हेच विचारलं, दोरी बांधली होतीस ना? मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो? मग ते तिथूनच उठून तक्रार द्यायला गेले. नंतर सांगायचं राहून गेलं."

"आता सांगा."

"बघतो," तो म्हणाला. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो नको होता.

तीन आठवडे वाट पाहिली. काही झालं नाही. मी त्याच्यावर चिडायचो आणि चिडताना माझ्याच लक्षात यायचं की तो करतोय तेच मीही करतोय. दोघंही दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून बसलो होतो. फरक इतकाच की तो त्याच्या घरी बसला होता.

चौथ्या आठवड्यात मी कपाटातला चांगला शर्ट काढला. चाचांनी विचारलं, "कुठे?"

"मख्फर."

त्यांनी किल्ली घेतली आणि पिकअप काढली. या वेळी वाटेत कुठे थांबले नाहीत. उतरताना मात्र म्हणाले, "त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. मला माफ कर." मी म्हटलं, "चाचा, तोंड माझं होतं."

आत मी एका दमात सांगून टाकलं. दोरी बांधलेली नव्हती. मी ती पाहिली. त्याच्या हाताला बोट लावलं, त्याने मान हलवली. मी थांबवलं नाही, कारण मला ओरडा खायचा नव्हता. पिन मी ओढली, म्हणून ती निघालेली सापडली. आणि याआधी दोनदा मी तुम्हाला खोटं सांगितलं.

दुभाष्याने शेवटचं वाक्य अरबीत करायच्या आधी मला विचारलं, "हे पण सांगू?"

"ते आधी सांगा."

अधिकारी चिडला. याचा अर्थ काय होतो ते तुला कळतंय का, त्याने विचारलं. कळतंय म्हणालो. त्याने मला बाहेर बाकावर बसवलं, तीन तास. नंतर घरी जायला सांगितलं, बोलावू म्हणाला.

आठ दिवसांनी बोलावलं तेव्हा त्या खोलीत धाकटा होता, आणि त्याचे वडील. म्हाताऱ्याला मी लांबून शर्यतीच्या वेळी पाहिलेलं. अंगाने बारीक, हातात जपमाळ. अधिकाऱ्याने माझा नवा जबाब वाचून दाखवला. मग धाकट्याला विचारलं, हे खरं आहे का?

तो उभा राहायला गेला, कुबडी सरकली, पुन्हा बसला. वडिलांकडे न पाहता म्हणाला, "खरं आहे."

जपमाळेचे मणी थांबले होते. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं, आणि दुभाष्याने सांगितलं, "ते विचारतायत, इंजिन तू बंद केलंस?"

"हो."

"ते म्हणतायत, त्यांना एवढंच माहीत होतं की दोरी मेकॅनिकच्या हातात सापडली. ती कशी आली ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

मी म्हणालो, "त्यांना सांगा, मी उशिरा पोचलो." दुभाष्याने ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. म्हातारा उठला, टेबलापाशी गेला आणि तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. खोट्या जबाबाबद्दल मला लेखी समज दिली, एवढ्यावर सुटलो. बंदी उठायला आणखी पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी दिवसातून दहादा ॲप उघडायचो.

मालकाने माझा इकामा दुसरीकडे बदलायला ना हरकत दिली. विमानतळावरून परतल्यावर पासपोर्ट पुन्हा त्याच्याकडे जमा झाला होता, तो हातात देताना म्हणाला, "तू मला आधीच सांगायला हवं होतंस."

"तुम्ही विचारलं नाहीत, अरबाब."

तो वाईट माणूस नव्हता. भावाला ट्रॅकवर आपणच आणलं हे त्याला जड जात असणार, आणि ते वजन टाकायला मी सापडलो होतो, असं मला आज वाटतं. तेव्हा असं काही वाटलं नाही. तेव्हा फक्त पासपोर्ट खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.

आता मी मीना अल-अहमदीला एका ठेकेदाराकडे पाइपांचं वेल्डिंग करतो. चाचा कायमचे खेडला परतले. कुवेतमध्ये पुन्हा काम का धरलं, असं गावातले लोक विचारतात. मुलगी कॉलेजात आहे, आणि मला दुसरं काही येत नाही.

हे नवं काम धरण्याआधी चाळीस दिवस घरी होतो. पहिल्याच आठवड्यात बायकोला तपासणीसाठी रत्नागिरीला न्यायचं होतं. ती बारीक झाली होती, पण चालायची भरभर. तिची फाइल मी मांडीवर घेऊन बसलो. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"हे कोण? आधी कधी दिसले नाहीत."

"मिस्टर," बायको म्हणाली. "कुवेतला असतात. ऑपरेशनच्या वेळी यायचे होते, पण अडकले."

"कामात?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या वतीने उत्तर देणार नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "एक गोष्ट सांगायची होती, ती सांगितली नाही म्हणून."

बाईंना त्यातलं काही कळलं नसणार. त्यांनी फाइल ओढून घेतली आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं. बायको चपला काढून काट्यावर उभी राहिली आणि मी आकडा वाचला.